गाडी काढताना, बाजू बदलताना आणि वळताना



आपल्या शाळेचे भित्तिपत्रक दर महिन्याला निघते. जानेवारीत सगळीकडे रस्ता सुरक्षेचे कार्यक्रम असतात, म्हणून या वेळी गुरुजींनी त्यावरचे विषय वाटून दिले. कोणाला सिग्नलचे दिवे मिळाले, कोणाला हेल्मेट मिळाले. दिव्यांवर लिहायला सोपे, कारण रंग तीनच आहेत. मी मात्र हात वर करून हा विषय मागून घेतला. का मागून घेतला ते पुढे येईलच.

आपल्या देशात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतात. ही पद्धत इंग्रजांच्या राज्यापासून आहे. अमेरिकेत उजव्या बाजूने चालवतात. गुरुजींनी सांगितले की, स्वीडन नावाच्या देशात आधी आपल्यासारखेच डावीकडून चालवत असत, आणि ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे सगळ्या देशाने एकाच वेळी बाजू बदलली. तेव्हा आमच्या वर्गातला एकजण म्हणाला, "गुरुजी, आपल्याकडं तर काही जण रोजच बाजू बदलत्यात." सगळे हसले. गुरुजीही हसले.

तर डावी बाजू धरून सरळ चालत राहिले तर सहसा काही बिघडत नाही. बिघडते ते तीन वेळेला. उभी गाडी काढताना, चालती गाडी एका बाजूची दुसऱ्या बाजूला घेताना, आणि वळताना. कारण या तिन्ही वेळेला आपण आपली वाट सोडून दुसऱ्याच्या वाटेत शिरतो. हे वाक्य माझे नाही, डायव्हरकाकांचे आहे.

डायव्हरकाका म्हणजे मुक्कामाच्या गाडीचे. आपल्या गावाला संध्याकाळी साडेसातला एस.टी. येते, रात्री मुक्काम करते आणि सकाळी सहाला सुटते. डायव्हर बदलत असतात, पण हे काका पुष्कळ वेळा असतात. त्यांना नोकरीत बावीस वर्षे झाली. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली (त्या शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे), हे मला त्यांनीच सांगितले. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण पहाटे साडेपाचला देवळापाशी गेलो. काका तोंड धूत होते. मी म्हणालो, "काका, गाडी कशी काढायची ते आम्हाला बघायचंय." ते म्हणाले, "बघा की. पण चहा होईपर्यंत थांबा."

आम्हाला वाटले होते की काका गाडीत बसतील, चावी फिरवतील आणि निघतील. तसे झाले नाही. चहा पिऊन ते आधी गाडीच्या भोवती एक चक्कर मारून आले. चाकांना लाथ मारून बघितले. खाली वाकून बघितले. मागच्या चाकापाशी एक कुत्रे निजले होते, त्याला हाकलले. मग म्हणाले, "थंडीच्या दिवसात कुत्रं रोज असतंय. पोरं पण असत्यात, चेंडू काढायला आत शिरलेली."

मग त्यांनी आम्हाला एक खेळ दाखवला. चावी त्यांच्या खिशात होती आणि गाडी बंद होती. एकेकाला त्यांनी आपल्या जागेवर बसवले आणि बाकीच्यांना गाडीच्या भोवती उभे केले. जो बसेल त्याने कोण कोण दिसते ते मोठ्याने सांगायचे. मी बसलो. ती जागा लई उंच आहे. उजवीकडच्या आरशात एकजण दिसला. डावीकडच्या आरशात मागच्या चाकापाशी उभी असलेली माझी चुलत बहीण दिसली. बाकी दोघे दिसेनात. मी म्हणालो, "ते दोघं पळून गेले." तर एकजण गाडीच्या नाकासमोर बंपरला हात लावून उभा होता आणि दुसरा गाडीच्या बरोबर मागे होता! समोरचा तर माझ्यापासून चार हातांवर होता. तो वर्गात सगळ्यात बुटका आहे हे खरे, पण डोके तरी दिसावे की नाही? दिसले नाही.

काका म्हणाले, "आरशात नाही म्हणजे रस्त्यावर नाही, असं समजायचं नाही." आरसा फक्त एक पट्टी दाखवतो. त्या पट्टीच्या बाहेर, आपल्या खांद्याच्या थोडे मागे, एक जागा अशी असते की तिथली गाडी आरशातही दिसत नाही आणि सरळ समोर बघूनही दिसत नाही. मोटरसायकल त्या जागेत सगळीच्या सगळी मावते. म्हणून गाडी काढताना आरसा तर बघायचाच, पण शेवटी मान वळवून उजव्या खांद्यावरून मागे बघायचे. मोटरसायकलवाल्याला आणि सायकलवाल्याला हे सोपे आहे, कारण त्याच्या मानेपुढे खांब नाही आणि काचही नाही.

यावरून मला अजून एक कळले. एस.टी.तून उतरल्यावर आपण गाडीच्या पुढून पळत पलीकडे जातो. मीही जात होतो. आपल्याला वाटते, डायव्हर समोर बघतो आहे, म्हणजे आपल्याला बघतो आहे. आता मी गाडी निघून जाईपर्यंत थांबतो.

सहाला पाच मिनिटे असताना कंडक्टर आले. घंटीची खूण सगळ्यांना माहीत आहे. एक घंटी म्हणजे थांबा, दोन घंट्या म्हणजे चला. कंडक्टरनी दोन घंट्या दिल्या. तरी काकांनी लगेच गाडी हलवली नाही. डावा आरसा बघितला, उजवा बघितला, खिडकीतून मान काढून मागे बघितले, हात बाहेर काढला आणि मग गाडी सोडली. दुसऱ्या दिवशी मी विचारले की, घंटी दिल्यावर का थांबला? ते म्हणाले, "घंटी म्हणजे आत सगळं ठीक आहे एवढंच. बाहेरचं माझं मी बघायचं."

हाताच्या खुणाही त्यांनी शिकवल्या. आता गाड्यांना इंडिकेटर असतात, पण इंडिकेटर बिघडला किंवा झाकला गेला तर हातच उपयोगी पडतो. आणि सायकलला इंडिकेटर कुठे असतो? सगळ्या खुणा उजव्या हाताने करायच्या, कारण आपल्याकडे डायव्हर उजवीकडे बसतो. उजवीकडे जायचे असेल तर हात सरळ आडवा बाहेर धरायचा, तळवा पुढे. डावीकडे जायचे असेल तर हात आडवा काढून घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरवायचा. वेग कमी करायचा असेल तर हात आडवा, तळवा जमिनीकडे, आणि हात खालीवर हलवायचा. थांबायचे असेल तर कोपरापासून हात सरळ वर उभा धरायचा. मागच्याला पुढे जाऊ द्यायचे असेल तर आडवा हात मागून पुढे झुलवायचा. दिवाळीच्या सुट्टीभर आम्ही पायी चालतानासुद्धा या खुणा करत होतो. आजी म्हणाली, "पोरांना वारं लागलं की काय!"

खूण करून झाली की हात परत हँडलवर आणायचा आणि मग वळायचे. एका हाताने वळले तर सायकल घसरते. मी एकदा घसरलो आहे, ते सांगत बसत नाही.

आता बाजू बदलण्याविषयी. आपल्यापासून सहा किलोमीटरवर पुणे-बंगळूर महामार्ग आहे. तिथे एकाच दिशेला जायला शेजारी शेजारी पट्टे आखलेले असतात. त्यांना लेन म्हणतात. हळू चालणाऱ्याने डावीकडची लेन धरायची. पुढच्याला ओलांडायचे असेल तर उजवीकडच्या लेनमध्ये जायचे आणि ओलांडून झाले की परत डावीकडे यायचे. मधली पांढरी रेघ तुटक असेल तर मोकळे बघून ती ओलांडता येते. सलग रेघ असेल तर ती ओलांडायची नाही. सलग रेघ बहुतेक वळणावर, पुलावर, चढावर असते, म्हणजे जिथे पुढचे दिसत नाही तिथे.

आपल्या गावच्या रस्त्याला लेन नाहीत, मग हे आपल्याला कशाला, असे कोणी म्हणेल. मलाही तसेच वाटले होते. पण गुरुजींनी प्रार्थनेच्या रांगेचे उदाहरण दिले. चौथीच्या रांगेतून तिसरीच्या रांगेत कोणी मधेच घुसला तर मागचा त्याच्यावर आदळतो, कारण मागच्याला तो घुसणार हे माहीत नसते. रस्त्यावर रेघ आखलेली असो वा नसो, मागून येणाऱ्याने मनात एक रेघ धरलेली असते की, हा सायकलवाला असाच सरळ जाणार. आणि आपण काय करतो? खड्डा आला की पटकन उजवीकडे घेतो. पावसाळ्यात ओढ्याजवळ डबके साचले की उजवीकडे घेतो. उभी बैलगाडी असली की तिला वळसा घालतो. हीच लेन बदलणे. फक्त आपल्याला ते माहीत नसते, म्हणून आपण मागे बघत नाही.

खड्डा लांबूनच दिसतो. तेव्हाच मागे बघावे, हात दाखवावा, मोकळे असेल तर हळूहळू तिरके जावे. मोकळे नसेल तर ब्रेक दाबून खड्ड्याच्या अलीकडे थांबावे. खड्डा कुठे पळून जात नाही.

एक गोष्ट मात्र गणिताने कळली. तुम्हालाही मजा वाटेल म्हणून देतो. एखादी गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने येत असेल तर ती ६० मिनिटांत ६० किलोमीटर जाते. म्हणजे एका मिनिटात १ किलोमीटर. म्हणजे ६० सेकंदांत १००० मीटर. म्हणजे ३ सेकंदांत ५० मीटर. गुरुजींनी आमच्याकडून आपले मैदान टेपने मोजून घेतले. ते ४८ मीटर भरले, म्हणून पुढे बाभळीपर्यंत दोन मीटर धरले. आमच्यात सगळ्यात जोरात पळणाऱ्या मुलीला ते पळायला ९ सेकंद लागले. गाडीला ३. कोणी "एक, दोन, तीन" म्हणेपर्यंत गाडी त्या टोकाहून या टोकाला! म्हणून मगाशी मागे बघितले होते, तेव्हा काही नव्हते, याला काही अर्थ नाही. मगाशी म्हणजे तीन सेकंद झाले की ते जुने झाले.

मग आम्ही फक्कीने मैदानावर रस्ता आखला. कबड्डीचे मैदान आखतो तसाच. एक मोठा रस्ता आणि त्याला उजवीकडे फुटलेला फाटा. सायकलच्या हँडलला दोन बाजूंना पाण्याच्या दोन बादल्या अडकवल्या, दुधाच्या कॅनऐवजी. उभ्या सायकलवरून निघून मोठा रस्ता ओलांडून फाट्यात पूर्ण शिरायला किती वेळ लागतो ते बाईंच्या मोबाईलवर मोजले. ६ सेकंद लागले. सहा सेकंदांत ती ६० च्या वेगाची गाडी १०० मीटर येते. शंभर मीटर म्हणजे शाळेच्या फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत. म्हणजे टाकीपाशी गाडी दिसत असताना निघालो तर जेमतेम. नंतर एक दिवस गुरुजी आम्हाला कारखान्याच्या रस्त्यावर घेऊन गेले. आम्ही बांधावर उभे राहिलो आणि उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर वळताना मोजला. पंधरा सेकंद! त्याला गाडी पाव किलोमीटर लांब पाहिजे.

बादल्या लावल्या त्या का लावल्या, ते आता लिहितो.

मागच्या वर्षी मार्गशीर्षात आमच्या आण्णांचा अपघात झाला. हे गावात सगळ्यांना माहीत आहे. पण कसा झाला ते पुष्कळांना चुकीचे माहीत आहे. मी आण्णांना विचारूनच लिहीत आहे. ते आधी म्हणाले, "आरशाचं नको लिहू." मग संध्याकाळी जेवताना म्हणाले, "लिही. पण गाडीवाल्याला शिव्या देऊ नको."

आण्णा रोज पहाटे दूध घालायला डेअरीत जातात आणि उजेड पडता पडता परत येतात. मोठ्या रस्त्यावरून आमच्या वस्तीच्या रस्त्याला यायचे तर उजवीकडे वळावे लागते. त्या दिवशी थंडी होती. आण्णांनी कान मफलरने बांधले होते. दोन्ही बाजूंना रिकाम्या कॅन होत्या, त्या खडखड वाजत होत्या. मोटरसायकलचा एक आरसा आधीच फुटला होता आणि दुसरा कॅन बांधताना आडवा येतो म्हणून आण्णांनी काढून घरात ठेवला होता. मागचे इंडिकेटर कॅनच्या आड जात होते. म्हणजे आण्णांना मागचे दिसत नव्हते, ऐकू येत नव्हते, आणि मागच्याला आण्णांचे काही कळत नव्हते.

आण्णा रस्त्याच्या डाव्या कडेने फाट्यापर्यंत आले. फाट्यावर आल्यावर त्यांनी हात दाखवला आणि लगेच डाव्या कडेवरूनच आडवे वळले. मागून एक मोटार आण्णांना ओलांडायला उजवीकडे आलीच होती. तिने ब्रेक दाबले, पण अंतर नव्हते. आण्णांच्या उजव्या पायाचे नडगीचे हाड मोडले. मोटारवाला पळून गेला नाही. त्यानेच आण्णांना गाडीत घालून दवाखान्यात नेले आणि आईला निरोप पाठवला.

आण्णांचा पाय दोन महिने प्लास्टरमध्ये होता. आई, ताई आणि मी पहाटे डोक्यावरून दूध नेत होतो. मी अकरा दिवस शाळेत आलो नाही. एक शेळी विकावी लागली, ती माझी आवडती होती. तिचे नाव लिहीत नाही, नाहीतर तुम्ही चिडवाल.

पुढे दिवाळीत मी डायव्हरकाकांना सगळे सांगितले आणि विचारले, "आण्णांनी तर हात दाखवला होता. मग चूक मोटारवाल्याची ना?" काकांनी काडीने मातीत रस्ता काढला. ते म्हणाले की, फाट्याजवळ पुढच्या गाडीला ओलांडायचे नसते, ही त्याची चूक. पण हात दाखवणे म्हणजे विचारणे. "मी वळू का?" असे विचारणे. मागच्याने ऐकले की नाही हे बघितल्याशिवाय वळायचे नसते. आणि वळतानाच हात दाखवला तर मागच्याला ऐकायला वेळ कुठे आहे?

उजवीकडे वळायची बरोबर रीत त्यांनी मातीत काढली, तीच शेजारच्या चित्रात आहे. फाटा यायच्या बराच आधी आरशात बघायचे. मग खूण द्यायची. मग खांद्यावरून मागे बघायचे. मागून कोणी नसेल, किंवा असेल पण त्याने आपल्याला बघून वेग कमी केला असेल, तर हळूहळू डाव्या कडेवरून रस्त्याच्या मध्याजवळ यायचे. मध्याच्या पलीकडे जायचे नाही. तिथे आलो की मागच्यांना आपोआप कळते की हा उजवीकडे जाणार, आणि ते आपल्या डावीकडून निघून जातात. एरवी डावीकडून ओलांडायचे नसते, पण पुढचा उजवीकडे वळायला मध्यावर गेला असेल तेव्हा चालते. मग समोरून येणाऱ्यांना जाऊ द्यायचे. त्यांचा हक्क आधी. अगदी वळायच्या वेळी पुन्हा एकदा मागे बघायचे (तीन सेकंदांचे गणित आठवा) आणि मग वळायचे. वळताना कोपरा कापायचा नाही. फाट्याच्या रस्त्याच्या डाव्या बाजूला जाऊन पडायचे. कोपरा कापला तर फाट्यातून बाहेर येणाऱ्याच्या अंगावर जातो.

जर मागून एकसारख्या गाड्या येत असतील तर? हे मी विचारले. काका म्हणाले, "तर डावीकडं उतरून उभं राहायचं. समद्या जाऊ द्यायच्या. मग आडवं जायचं. दूध नासत नाही तेवढ्यात." आपण मुलांनी तर नेहमी असेच करावे. सायकलवरून उतरून, हातात धरून, दोन्हीकडे बघून पलीकडे जावे.

डावीकडे वळणे सोपे आहे. डावी बाजू धरून खूण द्यायची, वेग कमी करायचा आणि डाव्या बाजूनेच नव्या रस्त्याला लागायचे. वळताना डाव्या अंगाला पायी चालणारे किंवा सायकलवाले असतील तर त्यांना आधी जाऊ द्यायचे. लहान रस्त्यावरून मोठ्या रस्त्यावर येताना मात्र थांबायचेच. मोठ्या रस्त्यावरच्या गाड्यांचा हक्क आधी असतो. आमच्या वस्तीवरचे बरेचजण उतारावरून येतात ते तसेच मोठ्या रस्त्यावर घुसतात.

मोठ्या गाडीच्या वळण्याची एक गोष्ट राहिली. ती आम्ही स्वतः शोधली. पावसाने चावडीसमोर चिखल झाला होता आणि एस.टी. तिथून डावीकडे वळली. चिखलात चाकांचे ठसे उमटले. पुढच्या चाकाचा ठसा कोपऱ्यापासून लांबून गेला होता आणि मागच्या चाकाचा कोपऱ्याला चिकटून. म्हणजे मागचे चाक पुढच्या चाकाच्या वाटेने जात नाही, ते आत कापत येते! आम्ही पावलांनी मोजले तर मधे माझी तीन पावले भरली. कोपऱ्यावर उभा असलेला माणूस म्हणतो, पुढचे चाक लांबून गेले, आपण वाचलो. पण मागचे यायचे असते. उसाच्या ट्रॉलीचेही तसेच. म्हणून मोठी गाडी डावीकडे वळायच्या आधी थोडी उजवीकडे सरकते. तेव्हा डावीकडे मोकळी जागा दिसते आणि सायकलवाला त्यात घुसतो. ती जागा त्याच्यासाठी नसते. ती मागच्या चाकासाठी असते. हे वाक्य माझे आहे.

गुरुजींनी सांगितले की, आपल्या देशातला मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे आणि गाडी कशी चालवावी याचे नियम २०१७ साली नव्याने काढले आहेत. गाडीला आरसा असणे कायद्याने सक्तीचे आहे. आणि आपल्या गावातली सातवी-आठवीतली मुले मोटरसायकल चालवतात, ते त्यांच्या आईवडिलांना महागात पडेल. २०१९ सालच्या दुरुस्तीप्रमाणे मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड आहे. पंचवीस हजारांत किती शेळ्या येतात ते मी आण्णांना विचारले, तर ते म्हणाले, जेव.

पाय बरा झाल्यावर आण्णा पहिल्यांदा गाडीवर बसले, त्याच्या आदल्या दिवशी ते तालुक्याला जाऊन दोन आरसे घेऊन आले. कॅनचा लोखंडी आकडा लोहारकाकांकडून वाकवून घेतला, आता आरसा आडवा येत नाही. मफलर बांधतात, पण कान उघडे ठेवतात. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या मागे बसून डेअरीत जातो. फाटा यायच्या आधी, पिंपळापाशी, मी मागे बघतो आणि सांगतो, "आण्णा, एक येतंय," किंवा "मोकळं हाय." तरी ते स्वतः मान वळवून बघतात. पहिल्यांदा मला राग आला होता.

हा लेख लिहिताना मी आमच्या वस्तीवरच्या मोटरसायकली मोजल्या. अकरा आहेत. सातांना दोन्ही आरसे आहेत, दोघांना एकेक आहे आणि दोघांना एकही नाही. त्या कोणाच्या आहेत ते मी लिहिलेले नाही, पण २६ जानेवारीला झेंडावंदनाला सगळे पालक येणार आहेत आणि हा कागद फाटकाजवळच्या भिंतीवर लागणार आहे.

शेजारच्या चित्रात लाल रेघ म्हणजे आण्णा वळले ती वाट आणि हिरवी रेघ म्हणजे वळायला हवे होते ती वाट. चित्र माझ्या चुलत बहिणीने काढले आहे. हिरवा रंग अजून ओला आहे, कृपया हात लावू नये.

— इयत्ता चौथी, हजेरी क्रमांक १४